माझे हात हळू कुणी केले?

बेंगळूरच्या एका गेम कंपनीनं मला फसवलं. पैसे बुडवले असं मी म्हणत नाही. ठरले तेवढे, ठरल्या दिवशी खात्यावर आले. फसवलं ते असं, की त्यांनी माझे हात घेतले, ते निम्म्या वेगानं चालवले आणि खाली माझं नाव लिहिलं.

मी विणकर आहे. बेळगावच्या शहापुरात माझा एक हातमाग आहे आणि खासबागेत तीन पॉवरलूम. यातलं काहीही मला माहेरनं किंवा सासरनं मिळालेलं नाही. कडोलीजवळ आमचं घर. दुसऱ्याच्या शेतात राबायचं एवढंच आमच्याकडं होतं. चौदाव्या वर्षी मी शहापुरात एका विणकराच्या घरी कांड्या भरायला लागले. धोटा म्हणजे होडीसारखा लाकडी तुकडा. तो साडीच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन पळतो. त्याच्या पोटात सुताची जी छोटी रीळ बसते, ती कांडी. बायकांनी कांड्या भरायच्या आणि मागावर पुरुषांनी बसायचं, अशी तेव्हा रीत होती. मालक जेवायला उठले की मी मागावर बसायची. मालक सावकाश जेवायचे, हे माझं नशीब.

गेल्या वर्षी आमच्या विणकर सोसायटीनं हातमाग शिकवायचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवणारा एकच, नेमणूक एका वर्षाची. नावं दोन होती, माझं आणि रामाप्पाचं. रामाप्पाचा हात बरा आहे. बरा म्हणजे बरा, त्याच्या पुढं काही नाही. पण त्याच्या आजोबांचा फोटो सोसायटीच्या भिंतीवर आहे आणि त्या भिंतीवर माझं कुणी नाही. मला ती जागा पाहिजे होती. ज्या मागावर मी चोरून बसले, त्यावर पोरींना हक्कानं बसवायचं होतं. कमिटीला नाकारता येणार नाही असा काहीतरी पुरावा मला हवा होता.

अशातच मधुरा आली. ही खानापूरकडच्या शेतकरी घरातली मुलगी, त्या गेम कंपनीत डिझायनर. माझं नाव तिला बाजारात कळलं होतं.

"आक्का, आमच्या गेममधी एक राक्षसीण हाय," ती म्हणाली. "वर बाई, खाली भिंतीवरचा कोळी. ती सारखी विणत असती. तिला तुमचं हात लावायचं हाईत."

"राक्षसिणीला लावायला माझंच हात गावलं व्हय?"

"बेस्ट विणकर पायजे म्हणालं सर."

हे ऐकून मी तिला बसायला सांगितलं.

मग तिनं त्या राक्षसिणीची गोष्ट सांगितली. ग्रीक लोकांच्या पुराणात अरॅक्नी नावाची एक विणकरीण आहे. तिनं थेट देवीशी पैज लावली. दोघींनी कापड विणलं. देवीनं अरॅक्नीचं कापड उलटसुलट करून बघितलं, मग ते टराटरा फाडलं, तिला धोट्यानं मारलं आणि तिची कोळीण करून टाकली.

"कापडात खोट काय काढली देवीनं?" मी विचारलं.

"खोट निघालीच न्हाय आक्का. म्हणून तर फाडलं."

"आणि पंच कोण हुतं?"

"पंच न्हवतं."

"म्हणजे देवीच पार्टी आणि देवीच पंच?"

"व्हय की."

असलं गिऱ्हाईक मला नवीन नव्हतं. निपाणीचा एक व्यापारी माझ्या साडीत खोट सापडली नाही की असाच चिडायचा. फक्त त्याला कुणाची कोळीण करता येत नव्हती, म्हणून मी वाचले. त्या अरॅक्नीचं मला मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून भाव कमी करायचा नसतो.

मधुरानं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं तिचे साहेब, बेंगळूरचे प्रभाकर सर. बोलणं कन्नडमध्ये झालं.

"मॅडम, एका दिवसाचं काम आहे. एका विणकराची एका दिवसाची मजुरी देऊ. थोडी जास्तच देऊ."

"तुमच्या राक्षसिणीला हात किती?"

"आठ."

"मग चार विणकरांची मजुरी झाली."

"पण तुम्ही एकट्याच आहात. आम्ही तुमचे दोन हात कॉम्प्युटरवर चारदा कॉपी करणार."

"म्हणजे माझे हात चारदा वापरणार. मग चारदा पैसे द्या."

सरांनी पलीकडं हिशेब करून बघितला. मधुरा तोंडावर हात धरून हसत होती. शेवटी चार विणकरांचा भाव ठरला.

मी दुसरी अट घातली: गेमच्या शेवटी नावं येतात, तिथं माझं नाव आणि गाव पाहिजे. ते लगेच हो म्हणाले. नावाला पैसे लागत नाहीत. इथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

आठ दिवसांनी मधुरा दोन माणसं आणि एक पेटी घेऊन आली. माझ्या दंडांना, मनगटांना पट्टे बांधले, हातात वायरी असलेले मोजे घातले. प्रत्येक पट्ट्यात काडेपेटीएवढं यंत्र. हात हलला की कॉम्प्युटरवरचा पुतळाही तसाच हात हलवतो. याला मोशन कॅप्चर म्हणतात. बोटाचं पेर वाकलं तरी मशीन पकडतं, असं त्यांनी सांगितलं. ते वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढं पन्नास जणांना तरी ऐकवलं असेल.

मी मागावर बसले तर पट्टे बांधणारा म्हणतो, "पाय नकोत. खाली कोळ्याचं पोट येणार आहे."

"मग पावडी कोण दाबणार?"

त्याला कळेना. आमचा माग खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात, पायाखाली पावड्या. पावडी दाबली की निम्मे उभे धागे वर जातात आणि निम्मे खाली. मधे फट पडते आणि तिच्यातून धोटा जातो. पावडी दाबली नाही तर फट नाही, आणि फट नाही तर कापड नाही.

"खेळणाऱ्याला कुठं कळतंय, आक्का?" मधुरा म्हणाली.

"मला कळतंय न्हवं? माझं नाव लावणार हाईसा."

पुन्हा बेंगळूरला फोन. सर तयार झाले: राक्षसिणीचे मागचे दोन पाय पावड्या दाबतील आणि हात सहा राहतील. मी खूश झाले. तेवढ्यात सर म्हणाले, "हात सहा झाले, म्हणजे आता तीन विणकरांचे पैसे."

"ते दोन पाय काय तुमच्या घरचे आहेत? तेही माझेच की!"

चाराचा भाव चारच राहिला. त्या दिवशी मी असा माग चालवला की धोट्याचा आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसं दारात आली. पट्टे बांधणारा एकदा म्हणाला, "जरा हळू." मी म्हणाले, "मशीनला जमत न्हाय काय?" तो वायरी तपासायला लागला.

पुढं सहा महिने मी सोसायटीत जाईन तिथं सांगत होते: मशीननं माझे हात पकडलेत, पेर न् पेर, खोटं बोलायची सोय नाही. रामाप्पा ऐकून घ्यायचा आणि पानाला चुना लावायचा.

मग एक दिवस मधुराचा फोन आला. "आक्का, तुमची राक्षसीण कुणालाच हरंना. टेस्टर रडकुंडीला आल्यात." टेस्टर म्हणजे गेम विकायच्या आधी तो खेळून चुका काढणारे पगारी लोक. गेममध्ये ती जाळं विणत असते. ते पुरं व्हायच्या आत खेळणाऱ्यानं तलवारीनं धागे तोडायचे. यांची तलवार म्यानातून निघेपर्यंत जाळं पुरं होत होतं. मी त्या दिवशी खुशीनं गल्लीत कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई, वाटला. मधुरा शेवटी म्हणाली होती, "आता सर काय करत्यात बघूया." त्याकडं मी लक्ष दिलं नाही.

गेम बाजारात आला आणि मधुरानं त्याचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा तो आधी एकटीनं बघायची अक्कल मला झाली नाही. निवडीच्या आधी दोन दिवस मी सगळ्या कमिटीला सोसायटीच्या ऑफिसात गोळा केलं. चहा सांगितला. क्लार्कनं कॉम्प्युटर लावला. सेक्रेटरी शंकराण्णा चष्मा पुसून पुढं बसले. रामाप्पाला मी मुद्दाम पहिल्या खुर्चीवर बसवलं.

गुहा आली. अंधार, ढोल. मग ती आली. आठ डोळे, सहा हात, पाठीमागं पावड्यांवर दोन पाय. दिसायला भयंकर होती, मला आवडली. तिनं धोटा उचलला. मी खुर्चीत पुढं सरकले.

धोटा निघाला. पलीकडच्या हातात पोचेपर्यंत शंकराण्णांचा चहाचा घोट घेऊन झाला. मग दुसरा हात उठला, आळस दिल्यासारखा. बोटांची ठेवण माझी, मनगटाचा झोका माझा, आणि वेग असा की मी तापात असतानाही त्याहून भरभर विणते. खाली अक्षरं आली. क्लार्कनं मोठ्यानं वाचलं, "हातांची हालचाल: कमळाक्का, शहापूर, बेळगावी."

रामाप्पा बोलला. "नैवेद्याचं ताट उचलल्यागत उचलतीया की ओ धोटा."

सगळे हसले. शंकराण्णासुद्धा हसले, मग खोकल्यासारखं केलं.

"आण्णा, ह्ये खोटं हाय," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता चला माझ्या मागावर. घड्याळ लावा."

"आक्का, आत्ता तुम्ही जोर लावून दाखवशीला चार घटका," शंकराण्णा म्हणाले. "पण मशीन खोटं बोलत न्हाय, पेर न् पेर पकडतंय, ह्ये तुम्हीच सांगितलासा न्हवं?"

माझंच वाक्य होतं.

"वय हुतंय सगळ्यांचंच," शंकराण्णा समजुतीनं म्हणाले. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. शंकराण्णा बहात्तरचे.

बाहेर येऊन मी पायरीवर बसूनच प्रभाकर सरांना फोन लावला.

"मॅडम, प्लेयर जिंकायलाच पाहिजे. याला बॅलन्स म्हणतात."

"मग प्लेयरला शिकवा. माझे हात कशाला मारता?"

"स्पीड म्हणजे फक्त एक आकडा असतो. तिथं एक होता, तो अर्धा केला. बाकी तुमची हालचाल जशीच्या तशी ठेवलीय."

"एवढंच असेल तर परत एक करा."

"आगल्ल." म्हणजे जमणार नाही.

"मग माझं नाव काढा."

"नाव तुम्हीच मागितलं होतं, मॅडम."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणाले, "मग नावाखाली एक ओळ लिहा, की वेग आम्ही अर्धा केलाय."

"तसं कुणी लिहीत नाही."

"पट्टे बांधून केलेलं मूळ रेकॉर्डिंग द्या. मी इथं दाखवते."

"ती कंपनीची मालमत्ता आहे."

"बरं. तो आकडा कुणी बदलला, त्याचं नाव तरी सांगा."

"टीमनं बदलला."

"बटण दाबायला एक बोट लागतं, सर. ते बोट कुणाचं?"

"टीमचं," ते म्हणाले, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

मधुराला वाईट वाटलं होतं. तिनं मला एक गोष्ट सांगितली. गेममध्ये सगळ्यात अवघड असा एक प्रकार ठेवलाय आणि तिथं माझा मूळ वेग आहे. तिथवर थोडेच लोक पोचतात. जे पोचतात ते हरतात आणि इंटरनेटवर शिव्या लिहितात. मी म्हणाले, "सगळ्या पाठव." तिनं मराठीत करून पाठवल्या. एकानं लिहिलं होतं, हिला विणायला शिकवणाऱ्याचं वाटोळं होवो. दुसरा म्हणतो, माणसाचे हात एवढे भरभर चालतच नाहीत, कंपनी लबाड आहे. तिसऱ्यानं विनवणी केली होती, कुणीतरी हिच्या मागाची लाईट घालवा. हातमागाला लाईट लागत नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? इतक्या शिव्या मला आयुष्यात कधी गोड लागल्या नव्हत्या. अकरा पानं झाली. ती छापून घेऊन निवडीच्या दिवशी मी शंकराण्णांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी दोन पानं वाचली. "आक्का, ह्या शिव्या हाईत."

"शिव्या न्हवं आण्णा, दाखला हाय."

"मग ह्येच्यावर शिक्का कुठं हाय?"

रामाप्पाची निवड झाली.

आता तो वर्ग सुरू आहे. आठ पोरी आहेत. परवा त्यांतली एक सूत घ्यायला माझ्याकडं आली. मी सहज विचारलं, सर कसं शिकवतात? ती म्हणाली, चांगलं शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर व्हिडिओ दाखवला. म्हणाले, धोटा घाईनं टाकायचा न्हाय, ह्या कोळिणीगत निवांत टाकायचा. ह्येच खरं हातमागाचं वळण. पोरी रोज तसा सराव करतात. म्हणजे माझ्याच हातांवर बघून आठ पोरी हळू विणायला शिकताहेत. वरून ती म्हणाली, "आक्का, नाव तुमच्यासारखंच हाय ओ तिथं." तिला सूत देताना मी भाव सांगायचाच विसरले. मला ओळखणारे सांगतील, असं सहसा होत नाही.

माझ्याकडून शिकण्यासारखं एवढंच: हात द्या, आवाज द्या, चेहरा द्या, पण ते कोणत्या वेगानं चालवणार हे आधी लिहून घ्या. मी भाव ठरवला, हात मोजले, पायसुद्धा मोजायला लावले. हे एक राहिलं.

पुढच्या वर्षी सोसायटीत पुन्हा निवड आहे आणि माझा अर्ज असणार आहे. त्याआधी बेंगळूरच्या त्या ऑफिसात ज्यानं एकाचा अर्धा केला, त्यानं शहापुरात यावं. मूळ रेकॉर्डिंग घेऊन यावं, शंकराण्णांच्या टेबलासमोर उभं राहावं आणि सांगावं, की ही बाई हळू विणत नाही, हिला मी हळू केलं. येण्याजाण्याचं बसभाडं माझ्याकडं लागलं. टीम पाठवू नका. माणूस पाठवा.