बाभळीच्या मुठीचा चाकू

सन २०१९. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो, सहायक फौजदार. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कितीतरी आता विसरलो. ही चाकूची घटना मात्र डोक्यातून जात नाही. शाळा माझी सातवीपर्यंतच. पण माझ्याइतका चोख पंचनामा लिहिणारा ठाण्यात दुसरा नव्हता, हे मी तेव्हाही सांगायचो आणि आजही सांगतो.

मे महिन्यातला रविवार. दुपारी हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेला एक तरुण मित्राला घेऊन ठाण्यात आला. दोघं सुट्टीसाठी कासार आंबोलीत एका बंगल्यावर उतरले होते. तक्रार काय, तर चाकू चोरीला गेला. आमचा शिपाई हसला. पण पोरगा रडवेला झाला होता. चाकूची मूठ त्यानं स्वतः तासलेली, गावाकडच्या बाभळीची. प्रत्येक गडावर तो चाकू त्याच्या कमरेला. "साहेब, नवा कुठंही मिळेल. हा मिळणार नाही," म्हणाला. संशय बंगल्याच्या राखणदारावर. अर्ज घेतला, चौकशी माझ्याकडे आली.

राखणदार पन्नाशीचा. बंगला उभा आहे ती जमीन मूळची त्याच्याच घराण्याची. विकली, आणि आता तिथंच मागच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा. मी निघणार, तेवढ्यात गावातल्या आमच्या खबऱ्याचा फोन. "जमादार, काल सांजच्याला त्यो चकाकता चाकू घेऊन फणस कापत व्हता. म्या सोता बघितला."

अशी खबर मिळाल्यावर मागंपुढं बघायचं काय कारण? खोलीची झडती घेतली. काही मिळालं नाही. तरी त्याला जीपमध्ये बसवलं. आळीतली माणसं दारात येऊन बघत होती. त्यानं मान खाली घातली नाही, हे मला तेव्हा निर्ढावलेपण वाटलं.

ठाण्यात समोर उभा केला. "चाकू घेतलास?"

"व्हय. मागून घेतला. म्या लावलेल्या झाडाचा फणस, ह्यांनाच खायाला कापून दिला."

"मग चाकू कुठाय?"

"दिला माघारी."

तरुण उसळला. "खोटं बोलतोय! माझ्या हातात दिलाच नाही."

"हातात दिलास का रे?"

"न्हाई."

शिपाई म्हणाला, "झालं साहेब, कबूल झाला. घ्या लिहून."

एवढ्यात बंगल्याच्या मालकाचा पुण्याहून फोन आला. गुन्हा दाखल झाला की कळवा, आजच खोली रिकामी करून घेतो, म्हणाला. फोन स्पीकरवर होता. राखणदारानं ऐकलं आणि मला म्हणाला, "खोलीचं काय न्हाई जमादार, दुसरी बघू. पन त्या जमिनीवरनं चोर म्हनून न्हाई निघायचा."

मी फिरवून फिरवून विचारलं. दम दिला. तो एकच सांगे, दिला. खोटं बोलणारा दर खेपेला थोडं नवीन घालतो. हा एक शब्द वाढवत नव्हता. मला राग येत होता आणि खटकतही होतं.

जबाबाचे कागद शिवले. दोरा कापायची सुरी राखणदाराजवळच्या बाकावर होती. "दे ती इकडं," मी म्हणालो. मध्ये बसलेल्या तरुणानं घ्यायला हात पुढं केला. राखणदारानं त्याच्या हातावरून सुरी आणून टेबलाच्या कडेला ठेवली. तरुणाचा हात तसाच मोकळा राहिला. मी सुरी उचलली, दोरा कापला आणि थांबलो.

"त्याच्या हातात का नाही दिलीस?"

"धारंची वस्तू हातात कोन देतंय, जमादार? भांडान लागतंय."

आमच्या घरीही विळी कुणी हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. तासभर माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

"काल कुठं ठेवलास?"

"त्यांच्या म्होरं, चटईवर. कानात वायरी घालून फोनवर बोलत व्हते. म्हनलं, साहेब, ठिवलाय बगा. त्यांनी मान हालवली."

तरुणाचा हात कानाकडे गेला. मी त्याच्या मित्राकडे वळलो. "चटई कुठाय?"

"मीच गुंडाळली... गाडीच्या डिकीत आहे."

दोन पंच बोलावले. ठाण्याच्या आवारात डिकी उघडली, चटई उलगडली. चाकू खळकन खाली पडला. पातं तेल लावून पुसलेलं, मुठीच्या खाचेत फणसाचा चीक. म्हणजे फणस कापून झाल्यावरच तो चटईवर आला होता.

तरुणानं चाकू उचलून छातीशी धरला. मग राखणदारापुढं हात जोडले. "काका, चुकलो."

"फणस ग्वाड व्हता का, त्ये तरी सांगा," राखणदार म्हणाला.

मालकाला मीच फोन करून खोलीचं मिटवलं. अर्ज निकाली काढला, स्टेशन डायरीला नोंद केली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक चौकशीत 'दिलं का' एवढ्यावर कधी थांबलो नाही. 'कसं दिलं, करून दाखव' असं म्हणायचो. खबर खरी होती, जबाब दोघांचेही खरे होते, आणि तरी एक माणूस चोर ठरत होता.

पण स्टेशन डायरी गावात कोण वाचतो? आळीनं फक्त जीप पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीची वर्दी घातली, मोटरसायकल काढली आणि कासार आंबोलीत गेलो. राखणदाराला मागं बसवलं आणि आळीतून हळूहळू निघालो. माणसं दारात आली की गाडी थांबवायची आणि मोठ्यानं सांगायचं, "चाकू त्यांच्याच गाडीत निघाला. ह्याचा काही दोष नाही." आळी संपली. मागून तो म्हणाला, "जमादार, वरल्या अंगाची मान्सं अजून उठली नसत्याल."

मी गाडी वळवली आणि हॉर्न वाजवत पुन्हा एक फेरी मारली.