खाडीचा माणूस बुडत नाही

गेल्या रविवारी कोलशेतला आजीकडे गेलेले. सुट्टी, मासे, गप्पा... बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं. पण डोंबिवलीहून निघताना मी पर्समध्ये बीपीचं मशीन टाकलं होतं.

कारण मला आजीला सांगायचं होतं की तिचे वडील गेलेत. दुसऱ्या महायुद्धात.

म्हणजे झालं असं... माझे पणजोबा, आजीचे वडील, तेव्हा नेव्हीत भरती झालेले. आजी रांगत होती. त्यांचं जहाज बुडालं आणि घरी निरोप आला, माणूस बेपत्ता.

दुसऱ्या कुठल्या घरात रडारड झाली असती. पण आमचं घर कोळ्यांचं, आणि पणजोबा म्हणजे भरतीच्या पाण्यात खाडी पोहून पलीकडे जाऊन परत येणारे. गावाने साधा हिशोब केला. खाडीचा माणूस बुडत नाही. लागला असेल कुठल्यातरी किनाऱ्याला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड थाटलं असेल.

पणजीने कुंकू पुसलं नाही. पण त्या कुंकवाला मान नव्हता हो... लग्नाकार्यात बायका तिच्याकडे बघून कुजबुजायच्या. आजी तर आयुष्यभर 'टाकून गेलेल्याची पोर'. तिच्या स्वतःच्या लग्नातही कोणीतरी विचारलंच, बाप येतोय ना कन्यादानाला? हे सगळं ती हसत हसत सांगते. पण बापाला तिने कधी माफ केलं नाही.

मागच्या वर्षी नेटवर युद्धात गेलेल्या खलाशांची नावं चाळताना मला पणजोबांचं नाव दिसलं. गावासकट. पुढे हुद्दा लिहिलेला, स्टोकर. मी धावत मामाला फोन केला, तर मामा थंडच. म्हणाला, "बेपत्ता लोकांची पण नावं टाकतात गं. कशाला जुनं उकरून काढतेस?"

मी सोडते कुठली. आमच्या सोसायटीत नेव्हीतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना गाठलं. त्यांनी आधी मला नीट बसवलं. मग म्हणाले, स्टोकर म्हणजे बॉयलर सांभाळणारा माणूस. तो डेकवर नसतो, जहाजाच्या अगदी तळाला असतो, पाण्याच्याही खाली.

आम्हाला हे कधी कोणाला माहीतच नव्हतं. आमच्या डोक्यात होडी... होडी उलटली की माणूस पाण्यात पडतो आणि पोहायला लागतो. काकांनी नंतर त्या जहाजाची माहितीही शोधून दिली. टॉर्पेडो थेट बॉयलरपाशी लागलेला. स्टोकर लोकांपैकी एकही जण वाचला नाही.

"पोहायला आधी बाहेर तरी पडता आलं पाहिजे ना," काका हळूच म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रागवायला का होईना, आजीचा बाप कुठेतरी जगला होता. म्हातारा झाला असेल, नातवंडं खेळवली असतील... आणि मी तिला काय देणार होते? काळोख, वाफ आणि वरून येणारं पाणी. मामाने निक्षून सांगितलं, आजीला काही झालं तर तू जबाबदार. पण न सांगता ती गेली असती तर? ते तर मला जन्मभर खात राहिलं असतं.

तर रविवार. आजी ओट्यावर लसूण सोलत बसलेली. मी म्हटलं, आजी हात दे, बीपी बघू. तिने मुकाट हात पुढे केला आणि विचारलं, "कोन मेला?"

घ्या. एवढी माझी तयारी आणि म्हातारीने आधीच ओळखलं.

कसं सांगितलं ते मला आता आठवतही नाही. जहाज, तळ, बॉयलर, सगळं एका दमात ओकून टाकलं. मामा दारात उभा, खाऊ का गिळू असा बघत होता.

आजीचे हात थांबले. मी तिच्या छातीकडे बघत बसलेले, श्वास चालू आहे ना म्हणून... म्हटलं, झालं, आपल्याच हाताने वाटोळं केलं.

मग तिने विचारलं, "वर येवाला वाट नव्हती?"

"नव्हती गं आजी."

"वाट असती तं आला असता."

हे ती मला विचारत नव्हती. तरी मी हो म्हटलं.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मला वाटलं आत जाऊन आडवी होतेय. मी मागे धावले तर ही चालली शेजारच्या दारात. तिथे तिची बालमैत्रीण राहते. लहानपणी खेळताना भांडण झालं की बापावरून चिडवणारी तीच. आता तिला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे आजीला ओरडावं लागलं आणि अख्ख्या आळीने ऐकलं.

"माझा बापूस पलाला नव्हता गो. बुडला."

आपला बाप बुडाला हे इतक्या ताठ मानेने सांगणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. मामा तोंड फिरवून डोळे पुसत होता. मी तर तिथेच पायरीवर बसले.

काका, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितेय, तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही. आजी बापाला आजवर नुसतं 'तो' म्हणायची. 'माझा बापूस' हे मी तिच्या तोंडून रविवारी पहिल्यांदा ऐकलं.