विनोदिनी आत्या इंग्रजी बोलली तो दिवस

माझी आत्या विनोदिनी दिघे उज्जैनच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवत होती, तोही हिंदीतून. इंग्रजी तिला वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडायचं नाही. कारण आमचे आजोबा, अप्पा. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी साहेबाची भाषा बोलणार नाही अशी शपथ घेतली आणि ती घरादाराला लागू केली. टेबलालाही ते मेज म्हणत.

त्र्याण्णव साली आत्या रिटायर झाली तेव्हा शहराला इंग्रजीचं वेड लागलं होतं. परदेशी कंपन्या येणार, नोकऱ्या निघणार, असं जो तो म्हणायचा. देवास गेटला साडीच्या दुकानावर श्रीकांत साठे या सव्वीस वर्षांच्या तरुणानं क्लास काढला होता: साठ दिवसांत फर्राटेदार, म्हणजे अस्खलित, इंग्रजी. पुढच्या पावसाळ्यात आत्यानं तिथे नाव घातलं. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, शपथेची आठवण करून दिली.

"अप्पांचं भांडण गोऱ्यांशी होतं," आत्या म्हणाली. "गोरे तर केव्हाच गेले. भाषा राहून गेली, तिनं आपलं काय बिगाडलंय?"

क्लासमध्ये सगळी अठरा-वीस वर्षांची मुलं. आत्या पहिल्या बाकावर बसायची, वही भरायची आणि बोलायची पाळी आली की खाली बघायची. एक दिवस सायली नावाच्या मुलीनं विचारलं, की जगानं हीच भाषा का धरली? हा इतिहासाचा प्रश्न आहे, असं श्रीकांत म्हणाला. त्यानं खडू आत्याच्या हातात दिला.

आत्यानं फळ्यावर जगाचा नकाशा काढला, कलकत्त्यापासून वेस्ट इंडीजपर्यंत रेघा ओढल्या आणि हिंदीत सांगू लागली. आधी जहाजं गेली, मागून गोदामं, मग कचेऱ्या. कचेरीला बाबू लागले, बाबूंसाठी शाळा निघाल्या. उसाच्या मळ्यांना मजूर लागले, तर आपलेच लोक पाच वर्षांच्या करारावर नेले. त्यांची मुलं मळ्याजवळच्या शाळेत इंग्रजी शिकली. क्लासची वेळ संपून गेली तरी कुणी उठलं नाही. त्यानंतर दर शनिवारी श्रीकांत तिला इतिहास सांगायला अर्धा तास देऊ लागला.

पितृपक्षात आजोबांच्या तिथीचा शिधा द्यायला आत्या राम घाटावर गेली. तिथे आमचे गोपाळकृष्ण गुरुजी एका पाहुण्यासमोर हताश बसले होते. पन्नाशीचा माणूस, चेहरा अगदी आपल्याकडचा, म्हणून सगळे त्याच्याशी हिंदीत बोलत होते आणि तो मान हलवत होता.

"विनोदिनीबाई, तुम्ही इंग्रजीच्या क्लासला जाता ना?" गुरुजींनी विचारलं.

आत्या नाही म्हणणार होती. पण तो माणूस इतक्या आशेनं बघत होता, की तिनं धीर केला. "आय अ‍ॅम हिस्टरी टीचर. यू टेल स्लोली."

तो हसला आणि सावकाश सांगू लागला. नाव केनेथ रामदीन, देश वेस्ट इंडीजमधला त्रिनिदाद, काम बस चालवणं. शंभर वर्षांपूर्वी त्याचा पणजोबा कलकत्त्याहून जहाजात बसला तो परतलाच नाही. आईच्या इच्छेखातर केनेथ महाकालच्या दर्शनाला आला होता आणि त्याला नदीवर पणजोबाला पाणी द्यायचं होतं. खिशात त्यानं जुन्या सरकारी कागदाची नक्कल जपून आणली होती. आत्यानं चष्मा पुसून ती गुरुजींना वाचून दाखवली. नाव रामदीन, बाप शिवचरण, जिल्हा बस्ती.

गोत्र केनेथला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसेल तर काश्यप, असं म्हणून गुरुजींनी तर्पण सुरू केलं. आत्या एकेक ओळीचा अर्थ जमेल तसा इंग्रजीत सांगत गेली. शिवचरणचं नाव आलं तेव्हा केनेथच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही.

नंतर पोहे-जिलबी खाताना तो ओशाळून म्हणाला, की लंडनमध्ये त्याच्या इंग्रजीला लोक हसले होते.

"हिअर नो लंडन," आत्या म्हणाली. "यू स्पीक, आय स्पीक."

तशीच ती त्याला रिक्षात घालून क्लासला घेऊन आली. पहिली दहा मिनिटं मुलांना काहीच कळेना. क्लासच्या कॅसेटमधल्या साहेबाचा सूर वेगळा, याचा वेगळा. श्रीकांतही चाचरत होता. परदेशी माणसाशी तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता, हे त्यानं त्या दिवशी सगळ्यांदेखत कबूल केलं. मग सायलीनं केनेथला विचारलं, की तुमच्या घरी आपल्यातलं काय उरलंय? तो आठवून आठवून सांगू लागला: आजी, रोटी, दाल, फगवा म्हणजे आपली होळी. प्रत्येक शब्दाला मुलं टाळ्या वाजवत होती.

डिसेंबरात त्याचं पत्र आलं. आत्यानं चार पानी उत्तर लिहिलं. तपासून देऊ का, असं मी विचारलं, तर पाकीट चिकटवत म्हणाली, "नको गं. त्याला समजतं."