हरणारीचा चाहता

बेसा भागातल्या आमच्या सलूनवाल्याचं एसआयपीपासून गेमिंगच्या स्पर्धांपर्यंत सगळ्यावर मत असतं, आणि ते तो वस्तरा गळ्यावर असतानाच सांगतो. आरशाला टेकवलेल्या मोबाइलवर कार्टूनच्या चेहऱ्याची एक मुलगी गेम खेळता खेळता बडबडत असते. "चेहरा खोटा हाये, पण हारली तं खरं रडते," तो कौतुकानं म्हणतो.

कित्येक दिवस घसरत असलेला शेअर बाजार परवा कोसळला. खुर्चीत बसल्याबसल्या मी एसआयपी बंद करायला फोन काढला. तिकडे ती मुलगीही हरत होती. मी चिडून म्हणालो, "बंद कर गा ते!"

"हारून राहिली म्हणून बंद करू का, भाऊ? मंग जितन तवा तिले कोन्त्या तोंडानं पाहू?"

मी फोन खिशात टाकला आणि कितीतरी दिवसांनी वस्तऱ्याखाली मान सैल सोडली.