बिनसांडशीचा हात

चहावाल्याच्या हाताला चटका लागत नाही, असं मार्केट यार्डातले हमाल म्हणायचे आणि मी त्यांना म्हणू द्यायचो. उकळत्या चहाचं पातेलं मी उघड्या बोटांनी उचलायचो. टपरीवर सांडशी होती, खिळ्याला टांगलेली. नवीन गिऱ्हाईक दिसलं की तिच्याकडे मुद्दाम न बघता पातेलं उतरवायचो. ‘बिनसांडशीचा’ असंच नाव पडलं होतं. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं ह्या हातानं कमावलं, त्यामुळे हाताचा गर्व होता. अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

आता टपरी बंद केली आणि कात्रजला मुलाकडे राहतो. सकाळचा चहा मात्र माझाच. सूनबाईची जीभ पुण्याच्या नारायण पेठेतली, तिरकस. ती म्हणायची, “बाबा, ती सांडशी मी माहेरून आणलेली नाही. वापरलीत तर तुमचा मान कमी होणार नाही.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

गेल्या थंडीत एकदा मी दुधाचं पातेलं उतरवलं आणि ते तसंच हातात धरून मुलाला कोथिंबिरीचे भाव समजावत बसलो. सूनबाईला वास आला.

“काय जळतंय?”

तिनं शेगडी पाहिली, ओटा पाहिला, मग माझा हात पाहिला. बोटांची कातडी पातेल्याच्या काठाला चिकटली होती. मी अजून कोथिंबिरीवरच होतो.

तिला सोबत यायचं होतं. मी म्हणालो, “मी काय कुक्कुलं बाळ आहे?” आणि एकटाच सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथली डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान. भाजलेलं तिनं जरासं पाहिलं. तिचं लक्ष मनगटाच्या वरच्या फिकट चट्ट्याकडे. मग कोपराच्या मागे अंगठ्यानं काहीतरी चाचपलं आणि म्हणाली, “आजोबा, डोळे मिटा. मी पेनानं हलकेच शिवेन. जिथं शिवेन तिथं बोट ठेवायचं.”

मी डोळे मिटले, पण पुरते नाही. फटीतून पेन दिसत होतं. ती शिवली की माझं बोट बरोबर तिथं. शेजारच्याचं बघून गणित सोडवणाऱ्या पोरासारखा मी मनात खूश.

“डोळे मिटायचेत आजोबा, मिचकावायचे नाहीत,” असं म्हणून तिनं माझीच मफलर माझ्या डोळ्यांवर बांधली.

मी वाट बघत बसलो. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला, कोणीतरी खोकलं. किती वेळ बसायचं? शेवटी मीच म्हणालो, “करा की सुरू, बाई.”

“झालं माझं केव्हाच,” ती म्हणाली.

मफलर सोडायला मला अवघड गेलं. ती आपणहून सोडायला आली नाही, तेवढं बरं वाटलं.

मग तिनं रोगाचं नाव सांगितलं. कुष्ठरोग. आमच्या लहानपणी ह्याला महारोग म्हणत आणि तो झालेल्या माणसाचं ताट वेगळं व्हायचं, मग घर वेगळं. मी भांडायलाच उठलो. “ताप नाही, खाज नाही, ठणका नाही. रोग असता तर अंगानं सांगितलं नसतं का?”

“सांगणारं जे असतं तिथंच तो जाऊन बसतो,” ती म्हणाली. मग शांतपणे समजावलं. अंगात आपले राखणदार असतात. परका जंतू दिसला की त्याला गिळतात आणि आत विरघळवून टाकतात. पण ह्या जंतूच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं. राखणदार त्याला गिळतो, पण पचवू शकत नाही. जंतू त्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. बाकीच्यांना बाहेरून आपलाच माणूस दिसतो, म्हणून आरडाओरडा होत नाही, ताप येत नाही. तिथून तो नसांमध्ये शिरतो, आणि वाढतो इतका सावकाश की वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. नस मेली की दुखायचंही बंद.

मला यार्डाचं गेट आठवलं. रिकाम्या हातानं आत जाणाऱ्याला वॉचमन हटकायचा. डोक्यावर पोतं असलं की कोणी विचारायचं नाही, हमालच असणार. चोराला हे चांगलं ठाऊक असायचं.

माझ्या बाबतीत ते पोतं मीच पुरवलं होतं. फोड आले, मी म्हणालो कामाचा हात आहे. सुई टोचून रक्त आलं, तरी कळलं नाही, मी ते चारचौघांना दाखवलं. आधी हात खरोखर कणखर होता, मग कधी मेला, हे मला सांगता येत नाही. मी दोन्हीची एकच फुशारकी मारत होतो.

“गोळ्या नेमानं घ्या, जंतू मरेल. सुरू केल्यावर तुमच्यापासून कोणाला धोका राहणार नाही. गेलेली जाण परत येईलच असं मात्र नाही,” ती म्हणाली. “आणि घरच्यांना तपासायला आणा. त्यांना एकेक डोस देऊन ठेवू.”

“घरी कोणी नाही,” मी म्हणालो.

तिनं माझ्या शर्टाकडे पाहिलं. “बटणं छान लावलीत. ह्या बोटांनी?”

बटणं नात लावते. पहिलीत आहे. बोटं ऐकेनाशी झाल्यापासून मी तिला सांगितलं होतं की तुला शिकायला मिळावं म्हणून आबा तुझ्याकडून लावून घेतात. रोज सकाळी ती माझ्या मांडीवर चढून, जीभ बाहेर काढून, वरून खाली बटणं लावायची.

घरी सांगितलं, भाजलंय, मलम दिलंय. गोळ्या चहापत्तीच्या जुन्या डब्यात ठेवल्या. आठवडाभर मी चोरासारखा उठायचो, गोळी गिळायचो आणि परत डबा मागे सरकवायचो. मग एका सकाळी नात बटणं लावत असताना तिच्या गालावर मला फिकट डाग दिसला. एवढासा, रुपयाएवढा. तो आधीपासून होता की नाही, तेही आठवेना. तिसऱ्या बटणावर मी तिला खाली उतरवलं.

“आबा, अजून दोन राहिलीत!”

मी स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईसमोर डबा उघडून ठेवला आणि सगळं सांगितलं. रोगाचं नाव घेताना आवाज इतका खाली गेला की तिनं मिक्सर बंद करून पुन्हा विचारलं. मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

ह्या बाईला टोमणा सुचला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग हात पुसत म्हणाली, “आठवडाभर माहीत होतं तुम्हाला? आणि ती रोज तुमच्या मांडीवर?”

“हो.”

“रोगाचं नाही काही, बाबा. औषध आहे त्याला. ह्याचं काय करू मी?”

त्याच दिवशी सगळे गेलो. डॉक्टरीणबाईंनी नातीला डोळे मिटायला सांगून गालावर कापूस फिरवला. “गुदगुल्या होतात!” पोरगी ओरडली. साधा कोरडेपणाचा डाग निघाला. कोणालाच काही नव्हतं. सगळ्यांना डोस दिला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. “घरी कोणी नाही ना तुमच्या?” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. तेवढं मला ऐकून घ्यावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी गॅसशेजारी सांडशी ठेवलेली होती. मी ती उचलली. हातात आहे की नाही हे मला बघावं लागतं, नुसतं धरून कळत नाही.

नातीला मात्र नवा खेळ सापडला होता. संध्याकाळी पेन्सिल घेऊन आली. “आबा, डोळे मिटा. चोरून बघायचं नाही हं.”

मी मिटले. पुरते.

“सांगा, कुठे?”

आत ओट्यावर सूनबाईचं काहीतरी चाललं होतं, ते थांबलं.

“नाही कळलं, बाळा.”

“आता?”

“नाही.”

ती पेन्सिल बोटांपासून वर वर आणत गेली. कोपराच्या वर गेल्यावर मी म्हणालो, “इथं.”