शिळं पाणी हाय का कुणाकडं?

या, अशा जवळ सरका. अन् तो मोबाईल ठेवा बघू बाजूला. अर्धं ऐकायचं अन् मग "काकू, मासे कुठनं आले?" म्हणून मलाच विचारायचं, हे न्हाय चालायचं.

तुळजापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक लॉज होता, तो बंद पडला. तिथं काउंटरपाशी काचेच्या पेटीत मासे होते, चार सोनेरी अन् एक काळा. पेटी गळायला लागलेली. मालक म्हणाला, "मासे टाकून देतो." टाकून देतो म्हणजे? जिती जित्राबं ती! मी बादली नेली अन् त्यांच्याच हिरव्या पाण्यासकट उचलून आणले. आमच्या ह्यांनी नवी पेटी आणली. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असती, ती माशांना सोसत न्हाय. म्हणून पेटी भरून दोन दिवस उघडी ठेवली, वास जाऊ दे म्हणून.

मासे सोडायच्या दिवशीच नेमका नळ आला. अन् घरात ईट गावाहून दर्शनाला आलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो. तो आला की घरातलं पाणी शिळं झालं! ते सडा-धुण्याला काढायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. मी गिरणीतनं दळण घेऊन येते तर अक्कांनी पेटी उपसून, घासून, काठोकाठ भरलेली. मासे आत. बादलीतलं हिरवं पाणी मोगऱ्याला!

"अक्का, हे काय केलंत?"

"शिळं व्हतं गं सगळं. बघ की, कसे वर येऊन तोंड उघडायलेत. खूश झालेत!"

खूश! दम कोंडला होता त्यांचा. पण थोरल्या जावेवर ओरडता येतं का? मासे परत बादलीत काढायचे तर पाणी कुठलं? कळशी घेतली अन् पळाले.

"शिळं पाणी हाय का?" दारोदार विचारलं. पण नळ तर सगळ्यांनाच आलेला! सगळ्यांचे हंडे ताजे, चकचकीत.

"शिळं कशाला काकू? हंडाभर ताजं न्या की."

दुसरी म्हणती, "अक्कांशी भांडलात व्हय? त्यांना पाजायचंय का?"

हसायलेत सगळ्या, अन् इकडं माझा जीव खालीवर. शेवटी कोपऱ्यावरच्या घरातली सून डोळे चोळत दारात आली. सगळी गल्ली तिला झोपाळू म्हणती.

"काकू, नळ येऊन गेला का?"

तिचं पिंप गेल्या आठवड्याच्या पाण्यानं अर्धं भरलेलं! मला तर तिची दृष्टच काढावी वाटली. दोघींनी कळश्या वाहिल्या. आधी मासे त्या पाण्याच्या बादलीत काढले, मग पेटी रिकामी केली, पिंपातलं पाणी भरलं, मासे अलगद सोडले. सोनेरी लगेच तळाला जाऊन फिरायला लागले. काळा मात्र आडवा पडलेला. मी जेवले न्हाय, तिथंच बसले. उन्हं कलली तेव्हा त्यानं शेपटी हलवली अन् सरळ झाला.

अक्का मागनं म्हणल्या, "शिळ्या पाण्यात ठेवलंस, पाप लागंल गं तुला."

व्हय म्हणलं. काय करता!

आता पौर्णिमेला अक्का परत यायच्यात अन् त्याच सुमाराला नळही यायचाय. मी स्वयंपाकात असणार, पेटीपाशी बसायला कुणी तरी पाहिजे. तेव्हा या बाई, लवकर या. अक्कांच्या आधी पोचा.