आतली शिवण

कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि तशाच वासाचं धारचं ते संग्रहालय आठवलं. एका फॅशन डिझायनरच्या कपड्यांचं प्रदर्शन होतं, म्हणून देवासहून आईला घेऊन गेले होते. तिनं जन्मभर गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवलेली. बाग गावच्या ठसेछपाईच्या एका झग्यापाशी ती थांबली आणि हलकेच त्याचा घेर उलटून बघू लागली. "अम्माजी, छूना मना है!" रखवालदार ओरडला. "भिया, बस अंदर की सिलाई देख रही थी," आई ओशाळून म्हणाली. सगळे वळून बघायला लागले, तशी मी तिला ओळखतच नसल्यासारखी पुढच्या दालनात निघून गेले. परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "आतूनही किती नीट शिवलंय गं!" आज, ती नसताना, तिनं शिवलेलं माझं पोलकं मी पहिल्यांदाच उलटून पाहिलं. आत एक दोरासुद्धा सुटलेला नव्हता.